वरोऱ्याचा कोळसा परीक्षेत नापास झाला आणि टाटांचा पोलाद कारखाना विदर्भात झालाच नाही

लालबागचा राजा बघायला तुम्ही गेला असाल, तर त्या भागात गॅस कंपनी लेन नावाची एक गल्ली आहे हे तुमच्या कानावर आलं असेल. आता गॅस कंपनी म्हटलं की आपल्याला सिलेंडर आठवतो. पण ही गॅस कंपनी त्याच्या कितीतरी आधीची. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, आणि त्या दिव्यांचा गॅस काही जमिनीतून पाइप टाकून आणलेला नव्हता. तो कोळशातून काढलेला होता.

कसा? तर कोळसा बंद भट्टीत घालायचा, हवा आत जाऊ द्यायची नाही आणि खालून तापवायचं. हवा नसल्यामुळे कोळसा पेट घेत नाही. त्याच्या पोटातला वायू बाहेर येतो, सोबत डांबर येतं, आणि शेवटी मागे उरतो तो कोक. वायू दिव्यांना, डांबर वेगळ्या कामाला आणि कोक भट्ट्यांना.

ही प्रक्रिया ध्यानात ठेवा, कारण जमशेदजी टाटांच्या आयुष्यातला एक मोठा निर्णय याच प्रक्रियेवर अडला होता. टाटा म्हटलं की जमशेदपूर, ताज हॉटेल, बंगळुरूची संस्था हे सगळं आपण वाचलेलं असतं. पण जमशेदपूरच्या आधी त्यांच्या डोक्यात जे गाव होतं ते चंद्रपूर जिल्ह्यातलं होतं, हे महाराष्ट्रातच फार कमी लोकांना माहीत असतं.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नुसरवानजी हे घरातले पहिले, ज्यांनी पौरोहित्य सोडून मुंबईत येऊन धंदा सुरू केला. जमशेदजीही लहान वयात मुंबईला आले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८ मध्ये शिक्षण संपवून वडिलांच्या पेढीत लागले. पुढच्याच वर्षी हाँगकाँगला रवाना.

तेवढ्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस लँकेशायरला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा इतका आला की लोक शेअर आणि जमिनींच्या मागे अक्षरशः वेडे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळा फुगा फुटला. त्यात टाटांची पेढीही पोळली. जमशेदजी तेव्हा लंडनमध्ये होते, हातातल्या हुंड्यांना किंमत उरली नव्हती. विशीतल्या माणसासाठी हा धडा भारी होता. पुढे आयुष्यभर या माणसाने कुठलाही उद्योग काढताना आधी आकडे, नमुने आणि अहवाल मागितले, त्याचं मूळ बहुधा इथेच असावं.

१८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. १८६९ मध्ये चिंचपोकळीत एक दिवाळं निघालेली तेलाची गिरणी विकत घेतली आणि तिची सूतगिरणी केली. नाव ठेवलं अलेक्झांड्रा मिल. म्हणजे गॅस कंपनीच्या भट्ट्यांपासून हाकेच्या अंतरावर टाटांची पहिली गिरणी उभी राहिली. दोनेक वर्षांत ती नफ्यात विकली आणि स्वारी निघाली लँकेशायरला, कापडाचा धंदा नीट शिकायला.

आता त्या काळातली गिरणी डोळ्यांसमोर आणा. वीज नाही. सगळी यंत्रं वाफेवर चालतात आणि वाफेला लागतो कोळसा. चिंचपोकळी, लालबाग, परळपासून पुढे नायगाव, दादरपर्यंत जो गिरण्यांचा पट्टा वाढत गेला, त्यातल्या प्रत्येक चिमणीखाली कोळसा जळत होता. पण मुंबईच्या आसपास कोळशाची एक खाण नाही. सह्याद्री हा लाव्हाचा डोंगर, बेसॉल्टचा. त्यात कोळसा मिळायचा कुठून? तो यायचा लांब बंगालमधून, नाहीतर जहाजाने थेट विलायतेतून. कापूस इथला, मजूर कोकण-घाटावरचे, पण चूल पेटवायला लाकूड परगावचं, असा प्रकार.

जमशेदजींनी दुसरी गिरणी काढताना हे गणित उलटं मांडलं. मुंबईतल्या बाकीच्या शेटजींना वाटायचं की गिरणी म्हणजे मुंबईतच. यांनी ठरवलं की जिथे कापूस आहे, बाजार आहे आणि जवळ कोळसा आहे तिथे जायचं. तीनही गोष्टी जुळल्या नागपूरला. कापूस विदर्भाचा, रेल्वे १८६७ मध्येच पोहोचलेली, आणि कोळसा वरोऱ्याचा. वरोरा म्हणजे आज आपण आनंदवनामुळे ओळखतो तेच गाव. तिथे तेव्हा सरकारी कोळसा खाण होती.

जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी स्वस्तात घेतली आणि ती भरून काढायला सुरुवात केली. जमिनीत पैसे गाडणाऱ्या या माणसाला कर्ज कशाला द्यायचं म्हणून एका सावकाराने नकार दिला होता, अशी गोष्ट सांगतात. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस मिल. ही गिरणी धो-धो चालली आणि त्या सावकाराला पस्तावा झाला, असंही सांगतात.

इथपर्यंत विदर्भातला कोळसा टाटांच्या कामी आला होता. मग झालं असं, की १८८२ मध्ये एक अहवाल त्यांच्या हाती पडला.

रिटर फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन भूवैज्ञानिकाने चांदा जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना परवडेल का, यावर तो लिहिला होता. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि तेव्हा त्यात गडचिरोलीही आलंच. या जिल्ह्यात लोहारा गावाजवळ उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे, असं श्वार्त्झचं म्हणणं. आता योगायोग बघा. गावाचं नाव लोहारा, खनिज दर्जेदार, आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा, ज्याच्यावर एम्प्रेस मिलची वाफ तयार होत होती. त्रेचाळीस वर्षांच्या जमशेदजींना वाटलं, जमलं! हिंदुस्थानातला पहिला आधुनिक पोलाद कारखाना इथे उभा राहू शकतो.

दुसरा कोणी असता तर लगेच जमीन बघायला गेला असता. जमशेदजींनी वरोऱ्याचा कोळसा मिळवला, सोबत घेतला आणि थेट जर्मनीला तपासायला नेला. निकाल आला, कोळसा या कामाचा नाही.

इथे बहुतेकांना प्रश्न पडतो. जो कोळसा गिरणीचं इंजिन चालवतो तो लोखंड का वितळवू शकत नाही? आग ती आगच ना?

तर नाही. बॉयलरमध्ये कोळशाने फक्त जळायचं असतं. लोखंडाच्या झोतभट्टीत त्याला तीन कामं करावी लागतात. एक, उष्णता द्यायची. दोन, खनिजातला ऑक्सिजन ओढून घ्यायचा, कारण लोहखनिज म्हणजे साध्या भाषेत गंजलेलं लोखंडच. आणि तिसरं काम सगळ्यात अवघड, ते म्हणजे ओझं पेलायचं. भट्टीत खनिज, चुनखडी आणि इंधन यांचे थरावर थर रचलेले असतात. खालचं इंधन त्या वजनाने चुरा झालं तर वाऱ्याचा झोत वर जात नाही आणि भट्टी गुदमरते. त्यामुळे तिथे कच्चा कोळसा चालत नाही, कोक लागतो. कडक, सच्छिद्र, दगडासारखा. त्या काळात एक टन लोखंड करायला टनाहून जास्त कोक लागायचा, म्हणजे हा काही चिमूटभर मसाला नव्हता.

आणि कोक सगळ्याच कोळशांपासून होत नाही. हवेविना तापवल्यावर काही कोळसे साधारण ४०० अंशांच्या आसपास मऊ पडतात, लापशीसारखे होतात, आतला वायू बुडबुडे करत बाहेर पडतो आणि मग सगळं मिळून एकसंध घट्ट होतं. हा कोकिंग कोळसा. दुसरे काही कोळसे मऊच पडत नाहीत. त्यांच्यातूनही वायू निघतो, पण मागे उरते ती भुकटी किंवा ठिसूळ तुकडे.

हा फरक कोळशाच्या रसायनात असतो. कोळसा म्हणजे गाडली गेलेली झाडं. वर्धा खोऱ्यातला कोळसा असो की झारखंडच्या झरियाचा, दोन्ही गोंडवन काळातले, २५ कोटी वर्षांहून जुने. पण वय सारखं म्हणून गुण सारखे होत नाहीत. जमिनीखाली किती खोल गाडला गेला आणि किती तापला, यावर तो किती पिकला हे ठरतं. वर्धा खोऱ्यातला कोळसा कमी पिकलेला. त्यात ओलावा जास्त, ऑक्सिजन जास्त. झरियाचा कोळसा जास्त तापला, त्याच्यातला ऑक्सिजन आणि पाणी निघून गेलं, आणि कोक होण्यासाठी जी अवस्था लागते ती त्याने गाठली.

दुसरी गोष्ट म्हणजे झाडाचा कुठला भाग गाडला गेला. लाकडाच्या भागापासून जो घटक बनतो त्याला व्हिट्रिनाइट म्हणतात. परागकण, बीजाणू, पानांवरचं मेण, डिंक यांपासून होतो तो लिप्टिनाइट, यात हायड्रोजन भरपूर. आणि गाडण्याआधीच जळलेल्या, कुजून सुकलेल्या भागापासून होतो तो इनर्टिनाइट. नावातच आलं, हा निष्क्रिय, तापवला तरी फारसं काही देत नाही. भारतातल्या गोंडवन कोळशांत इनर्टिनाइट बऱ्यापैकी असतो आणि राखही जास्त असते.

म्हणजे कोळसा विकत घेताना त्याच्या काळेपणाकडे बघण्यात अर्थ नाही. त्याच्यात हायड्रोजन किती उरलाय आणि तो तापल्यावर काय बाहेर टाकेल, हे बघावं लागतं.

आज हीच परीक्षा फार नेमकी झाली आहे. फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेने १९७० च्या दशकात रॉक-इव्हॅल नावाचं यंत्र आणलं. कोळशाची चिमूटभर पूड, मिलिग्रॅममध्ये मोजावी इतकी, त्यात ठेवतात. हवा नसलेल्या कक्षात ३०० अंशांपासून हळूहळू तापवत नेतात. आधी बाहेर येतात ते कोळशात मोकळे असलेले हायड्रोकार्बन. मग तापमान वाढलं की कोळसा स्वतः तुटून नवे हायड्रोकार्बन देतो. ते किती आले यावरून हायड्रोजन निर्देशांक काढतात. ढोबळमानाने तो ३०० च्या वर गेला तर त्या थरातून तेल मिळण्याची आशा, ५० ते २०० असला तर वायू, त्याखाली असला तर विषय सोडून द्यायचा. सगळ्यात जास्त हायड्रोकार्बन कुठल्या तापमानाला आले तेही नोंदवतात. ४३५ अंशांच्या खाली असेल तर माल अजून कच्चा आहे असं समजतात.

याच्या जोडीला व्हिट्रिनाइटच्या तुकड्यावर सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश टाकून तो किती टक्के परावर्तित होतो हे मोजतात. कोळसा जितका पिकलेला तितका जास्त चमकतो. साधारण ०.६ टक्क्याच्या आसपास तेल तयार व्हायची अवस्था सुरू होते आणि १.३ च्या पुढे गेलं की मुख्यतः वायूच.

जमशेदजींच्या काळात यातलं काहीच नव्हतं. तेव्हाच्या तपासणीत कोळशाचा ओलावा मोजत, त्यातून वायू किती निघतो आणि राख किती उरते ते बघत, आणि तापवल्यावर कोक बांधला जातो की चुरा होतो हे डोळ्यांनी तपासत. पण प्रश्न तोच होता, आणि उत्तरही चुकलं नाही.

सगळा दोष वरोऱ्याच्या कोळशावर टाकणंही बरोबर नाही. सरकारने खाणीसाठी घातलेल्या अटी इतक्या जाचक होत्या की कोळसा चांगला निघाला असता तरी योजना कितपत पुढे गेली असती, ही शंकाच आहे. जमशेदजींनी प्रकरण बाजूला ठेवलं. बाजूला म्हणजे कपाटात नाही. पुढची सतरा वर्षं लोखंड आणि कोळशावर जे काही छापून येईल ते त्यांनी जमवलं. मधल्या काळात कुर्ल्याची बंद पडायला आलेली गिरणी घेऊन १८८६ मध्ये स्वदेशी मिल काढली, परदेशी जहाज कंपन्यांशी भाड्यावरून पंगा घेतला आणि त्यात हात पोळून घेतले, ताज हॉटेलचं काम काढलं, विज्ञान संस्थेसाठी आपली मालमत्ता देऊ केली. यातल्या प्रत्येकावर वेगळा लेख होईल.

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने खाणींचे नियम सैल केले आणि साठीला आलेल्या जमशेदजींनी जुनं बाड उघडलं. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथल्या भट्ट्या बघितल्या, तज्ज्ञांना भेटले आणि न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला हिंदुस्थानातल्या कामासाठी तयार केलं. पेरिनने आपला सहकारी सी. एम. वेल्ड याला इकडे पाठवलं.

वेल्ड आणि जमशेदजींचे थोरले चिरंजीव दोराबजी बैलगाड्यांतून चांद्याच्या जंगलात फिरले. पुन्हा तेच लोहारा. खनिज दर्जेदार आहे हे वेल्डलाही पटलं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल असं गणित जमेना, आणि कोकजोगा कोळसा जवळ नाही ही अडचण वीस वर्षांनंतरही जिथल्या तिथे. जमिनीखालचा कोळसा वीस वर्षांत थोडाच पिकतो!

निराश होऊन दोराबजी नागपूरला आले. तिथल्या संग्रहालयात त्यांची नजर एका भूशास्त्रीय नकाशावर गेली. दुर्ग जिल्ह्याच्या जागी लोखंडाची खूण गडद रंगात. तो भाग म्हणजे दल्ली-राजहरा. तिथे खनिजाचे डोंगरच होते, पण कारखान्याला हवा तसा कोळसा आणि पाणी जवळ नव्हतं. या खनिजावर पुढे स्वतंत्र भारतात भिलाईचा कारखाना चालला.

शेवटी वाट दाखवली ती प्रमथनाथ बोस यांनी. सरकारी भूशास्त्र खात्यातून बाहेर पडून ते मयूरभंज संस्थानात काम करत होते. दुर्गच्या लोखंडाची नोंदही त्यांचीच. २४ फेब्रुवारी १९०४ ला त्यांनी जमशेदजींना पत्र लिहून कळवलं की मयूरभंजमध्ये भरपूर लोहखनिज आहे आणि झरियाचा कोळसा तिथून गाठता येतो. झरिया म्हणजे देशातला सर्वोत्तम कोकिंग कोळसा. चांद्यात खनिज होतं आणि दुर्गमध्ये तर रग्गड होतं, पण कोक होणारा कोळसा हाताशी असलेली जागा ही पहिलीच.

जमशेदजींना ती बघायला मिळाली नाही. तब्येत ढासळली होती, उपचारासाठी ते युरोपात गेले आणि १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. ज्या देशात वरोऱ्याचा कोळसा नापास झाला होता, त्याच देशात.

दोराबजींनी काम सोडलं नाही. १९०७ मध्ये कंपनी नोंदवली. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना तेव्हा मुंबईत शेअर विक्रीला काढले. फोर्टातल्या टाटांच्या कचेरीबाहेर रांगा लागल्या आणि तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार लोकांनी सगळी रक्कम उभी केली. सुवर्णरेखा आणि खरकाई नद्यांच्या संगमाजवळ साकची गावी कारखाना बांधला गेला. डिसेंबर १९११ मध्ये पहिलं लोखंड आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिलं पोलाद निघालं. १९१९ मध्ये साकचीचं नाव जमशेदपूर झालं.

मुंबईच्या गिरण्यांच्या कोळशाचा प्रश्नही जमशेदजींच्या कागदांमध्ये होताच. घाटावर पडणारा पाऊस लोणावळ्याला अडवून खोपोलीत वीज बनवायची ही योजना त्यांनी हयातीत हातात घेतली होती, पूर्ण केली मुलांनी. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत आली आणि गिरण्या एकेक करत बॉयलर सोडून तारेवर जाऊ लागल्या.

वरोऱ्याच्या कोळशाचं पुढे काय झालं म्हणाल, तर जुनी सरकारी खाण बंद पडली, पण वर्धा खोऱ्यातला कोळसा आजही निघतोय. नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतून तो निघतो आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जळतो. २,९२० मेगावॅटचं हे केंद्र महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं सरकारी वीजकेंद्र आहे, आणि त्याच्या धुराची तक्रार चंद्रपूरकर रोज करतात. बॉयलरला कोक लागत नाही, त्यामुळे इथे हा कोळसा चालून जातो. झरियासारखा कोळसा मात्र देशात इतका कमी आहे की पोलाद कारखान्यांना लागणारा कोकिंग कोळसा आजही मोठ्या प्रमाणात ऑस्ट्रेलियातून मागवावा लागतो.

आता सरकारने २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचा वायू करण्याचं लक्ष्य ठेवलंय. त्यासाठी कोळशाला कोक होण्याची अट नाही, पण राख किती आणि तापल्यावर वायू किती देतो हे आधी बघावंच लागतं. त्यामुळे खाणीखाणींतले नमुने पुन्हा प्रयोगशाळेत जाताहेत. या वेळी त्यांना जर्मनीला न्यायची गरज नाही.